पाणी उपसणारा

नोमानी मासे पकडायला का जात नाही, असं बेटावरच्या हालातोआ गावात कुणी विचारत नसे. तो कवी होता. लग्न असो, मयत असो, पाद्रीबुवांचा निरोपसमारंभ असो, गाणं नोमानीचंच. चाल त्यानेच लावायची, नाच त्यानेच बसवायचा, आणि रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांचे हात कुठल्या शब्दाला कुठे वळले पाहिजेत, हेही त्यानेच सांगायचं. एवढं करणाऱ्या माणसाने पहाटे जाळं खांद्यावर टाकून निघावं, अशी कुणाची अपेक्षा नव्हती. त्याचा बापही कवी होता, आणि बाप मात्र म्हातारपणापर्यंत होडी घेऊन प्रवाळाच्या कडेपलीकडे जायचा. पण बापाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि लोकांना इतकं बारीक आठवत नाही.

खरं म्हणजे नोमानी समुद्राला घाबरायचा.

का, ते त्याला स्वतःलाही सापडलं नव्हतं. लहानपणी तो कधी बुडाला नव्हता, डोळ्यांदेखत कुणी बुडालेलं पाहिलं नव्हतं. ओहोटीला गुडघाभर पाण्यात शिंपले वेचायला तो सगळ्यांबरोबर जायचा. पण पायाखालचा तळ दिसेनासा झाला की तोंडाला कोरड पडायची, आणि हाताला जे लागेल ते बोटं घट्ट धरून बसायची. मोठ्या बोटीने राजधानीला जायचं झालं तर तो खाली, मालाच्या पोत्यांमध्ये चटई पसरून, तोंडावर टोपी घेऊन पडून राही. "मला बोट लागते," असं सांगे. बोट लागण्यात लाजण्यासारखं काही नसतं. मुलीचं लग्न ऑकलंडला झालं तेव्हा तो विमानाने गेला आणि खिडकीतून एकदाही खाली पाहिलं नाही.

ही गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. बायकोला, लेसिएलीला, ती ठाऊक होती की नव्हती, हे त्याला कधी कळलं नाही. ती कधी बोलली नाही.

एका वर्षी त्याचा धाकटा भाऊ सालेसी होडी घेऊन गेला आणि परत आला नाही. संध्याकाळ झाली तसे गावातले पुरुष होत्या नव्हत्या तेवढ्या होड्या घेऊन निघाले. पुळणीवर कुणीतरी नोमानीकडे पाहिलं, किंवा त्याला तसं वाटलं. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी चर्चमध्ये बायकांना घेऊन प्रार्थना सांगतो."

प्रार्थना त्याने अशी सांगितली की म्हाताऱ्या बायका ओक्साबोक्शी रडल्या. दोन रात्री तो चर्चमधून हलला नाही. तिसऱ्या दिवशी सालेसी शेजारच्या निर्मनुष्य बेटाच्या वाळूवर सापडला. इंजिन बंद पडलेलं, ओठ फुटलेले, पण जिवंत. पाद्रीबुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "नोमानी, तुझ्या शब्दांनी ओढून आणलं रे त्याला." सालेसीने भावाचे दोन्ही हात हातात घेतले. नोमानीने ते घेऊ दिले.

त्याच्या पुढच्या वर्षी गावच्या चर्चला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. सरदार येणार होते, ऑकलंडहून आणि सिडनीहून नातेवाईक येणार होते, आणि सगळ्या गावाने मिळून उभ्याने नाचायचा मोठा नाच, लाकालाका, सादर करायचा असं ठरलं. गाणं अर्थातच नोमानीचं.

आमच्याकडे गाण्यात कुणी सरळ बोलत नाही. राणीला राणी म्हणायचं नसतं, पहाटेची झुळूक म्हणायचं. मेलेल्या माणसाला मेला म्हणायचं नसतं, वारा पडला म्हणायचं. ऐकणाऱ्याने त्यातून काय ते ओळखायचं. सरळ सांगितलं तर तो निरोप झाला, गाणं नव्हे. नोमानी या आडून बोलण्यात तरबेज होता. पंधरवड्यात त्याने गाणं उभं केलं. त्यात चाफा होता, कबुतरं होती, सरदारांच्या पूर्वजांची, दोन नावा एकत्र बांधलेली जोडनाव लाटा कापत बेटाला येत होती आणि तिच्या शिडावर देवाचा श्वास होता. गाणं घेऊन तो आत्याकडे गेला.

बापाची बहीण म्हणजे आमच्याकडे बापापेक्षा मोठी. भावाच्या पोरांवर तिचा शब्द चालतो, आणि तिला नाही म्हणायची सोय नसते. हेपिसिपाआत्या ऐंशीच्या घरात होती. तरुणपणी ती नाचाच्या पहिल्या रांगेत मधोमध उभी राहायची, आणि ती जागा गावातल्या एकाच मुलीला मिळते. आता ती दारात बसून चटयांसाठी केवड्याची वाळलेली पानं चिरत असे. नोमानीने मांडीवर ताल धरत सगळं गाणं म्हणून दाखवलं.

"संपलं?" आत्याने विचारलं.

"संपलं."

"छान आहे." तिने आणखी एक पान चिरलं. "कुठल्याही गावाला चालेल."

"म्हणजे काय, आत्या?"

"म्हणजे छान आहे. तुझी सगळीच छान असतात. तुझा बाप गाण्यात कुठेतरी लपून बसलेला असायचा. मी नाचता नाचता त्याला शोधायची. एकदा त्याने सरदारांच्या आजोबांचं केवढं गुणगान केलं, गाव खूश. एकट्या मलाच कळलं, की त्यात मार खाऊन माडाआड लपलेलं एक पोर आहे. ते पोर म्हणजे तुझा बापच. आमच्या वडिलांचा हात फार जड होता." तिने डोळे बारीक करून भाच्याकडे पाहिलं. "तुझं गाणं म्हणजे पाहुण्यांसाठी झाडून ठेवलेलं घर. चटया स्वच्छ. हाक मारली तर आत कुणी नाही."

"चर्चची शंभरी आहे. त्यात माझं काय?"

"मग चर्चलाच रचू दे ना," आत्या म्हणाली.

नोमानी चिडून घरी आला. म्हातारीला बोलायला काय जातं, असं लेसिएलीला म्हणाला. लेसिएलीने नीरफणसाचा काप त्याच्यापुढे ठेवला.

पुढचे काही दिवस तो कोनफळांच्या मळ्यात जात राहिला. त्याला गाणी तिथेच सुचत. मळा बेटाच्या मधोमध, समुद्रापासून शक्य तितका दूर होता. एका दुपारी वेलांखालची माती ओढताना त्याच्या मनात साधा विचार आला. त्याच्या गाण्यातली ती जोडनाव दोऱ्यांनी शिवलेली असणार. शिवलेल्या नावेत पाणी येणारच. म्हणजे इतका लांबचा प्रवास कुणीतरी ते पाणी सतत उपसत असणार. तारे वाचणाऱ्यावर गाणी होती, सुकाणू धरणाऱ्यावर होती, शिडाचे दोर ओढणाऱ्यांची नावं वंशावळीत होती. उपसणारा कुठेच नव्हता. तो नावेच्या पोटात बसत असेल. तिथून समुद्र दिसत नाही.

नोमानी कुदळ टेकून उभा राहिला. तिथून समुद्र दिसत नाही. म्हणूनच त्याने ते काम मागून घेतलं असेल.

कडवं एका दमात आलं. त्याला काही करावंच लागलं नाही.

तारे वाचणारा वर पाहतो,
सुकाणूवाला पुढे पाहतो,
मी माझ्या पायांमधलं पाणी पाहतो.
उपसतो, ते पुन्हा येतं.
किनारा किती दूर, मला विचारू नका.
मान वर केली
तर माझा चेहरा तुम्हाला दिसेल.

म्हणून झाल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं. मळ्यात कुणी नव्हतं. तरी त्याचे कान तापले होते.

हे कडवं काढून टाकायचं असं त्याने घरी येईपर्यंत तीनदा ठरवलं. तरीही सरावाच्या वेळी त्याने ते शिकवलं, ते कसं, हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. चर्चच्या सभागृहात बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मागे गाणाऱ्यांचा घोळका. पूर्वजांच्या नावेपर्यंत सगळं नीट चाललं. मग त्याने पुरुषांना सांगितलं, "आता वाका. मान खाली. दोन्ही हातांनी उपसा. चेहरा कुणाला दिसता कामा नये."

पुरुषांना वाटलं, तो गंमत करतोय. आमच्याकडे पुरुषाने नाचायचं ते छाती काढून, मान झटकून, जमीन हादरेल असं. कुणीतरी मागून ओरडलं, "नोमानी, काय हरवलंय रे जमिनीवर?" हशा पिकला. बायकांच्या रांगेतून उत्तर आलं, "यांची हिंमत हरवलीय, शोधू दे!" त्यावर आणखी मोठा हशा.

गावचे कारभारी फेहोको हसले नाहीत. रुंद खांद्यांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. ते पुढे आले. "कविराज, जरा ऐकून घ्या. सरदारांच्या पूर्वजांची नाव. तिला भोक?"

"भोक नाही. शिवणीतून पाणी येतं."

"शिवणीतून येतं म्हणजे भोकातूनच येतं ना! आणि त्या नावेत एक भित्रा माणूस. सरदार समोर बसलेले. उद्या ते म्हणाले, फेहोको, आमच्या पूर्वजांनी भित्रे लोक भरून आणले होते काय? तर मी काय सांगू? हो म्हणू?"

लोक पुन्हा हसले. नोमानी काही बोलणार तेवढ्यात दुसऱ्या रांगेत हालचाल झाली. सालेसी रांग सोडून निघाला होता. त्याने भावाकडे असं पाहिलं, जसं चोरी पकडल्यावर माणूस पाहतो. मग तो दाराबाहेर गेला आणि दार त्याच्यामागे बराच वेळ हलत राहिलं.

नोमानीला वाटलं, झालं. त्याला कळलं.

तो सगळ्या सरावभर पुढचं शिकवत राहिला, पण लक्ष नव्हतं. साऱ्या गावात हे ओळखण्याचा हक्क एकालाच होता, आणि त्यानेच ओळखलं होतं. त्या संध्याकाळी पुळणीवर भाऊ का आला नाही, हे सालेसीला आता समजलं होतं. दुसऱ्या दिवशी सालेसी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फेहोको रोज विचारत होते, "ठरलं का त्या कडव्याचं?" आठवडा होण्याआधीच नोमानीने कडवं काढून टाकलं. नाच घासलेल्या भांड्यासारखा लख्ख झाला. फेहोकोंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री त्याला फार छान झोप लागली. हेपिसिपाआत्या सरावाला येऊन कोपऱ्यात बसायची, ती मात्र दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली.

पण सालेसीही आला नाही. रांगेत एक जागा रिकामी राहिली, आणि सरदारांसमोर दात पडल्यासारखी रांग दिसणार म्हणून फेहोकोंनी धोशा लावला, "भावाला घेऊन या." शेवटी एका शनिवारी दुपारी नोमानी निघाला. लेसिएलीने त्याच्या हातात भाजलेल्या कोनफळाची टोपली दिली.

सालेसी घराच्या मागे, सुरूच्या झाडांखाली होता. होडी तिथे उपडी घातलेली होती आणि तो तिचा तळ खरवडत होता. होडीच्या कडेने गवत चांगलं पोटरीएवढं वाढलं होतं. नोमानी एरवी किनाऱ्याकडे फिरकत नसे, म्हणून त्याने हे आधी पाहिलं नव्हतं.

"ते कडवं काढलं," तो म्हणाला.

"कळलं."

"मग येत का नाहीस?"

सालेसी खरवडत राहिला. मग म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

"काय सांगितलं?"

"दादा, नाटकं नकोत. माझ्या बायकोनेच सांगितलं असणार. मी झोपेत ओरडतो ते ऐकते ती."

नोमानीला काहीच समजेना. त्याने टोपली खाली ठेवली. सालेसीचा आवाज चढला, तरी हात थांबला नाही.

"पहिल्या रात्री लाटा उंच झाल्या, तेव्हा मी जी मान खाली घातली ती वर केलीच नाही. करवंटी होती, तिने पाणी उपसत बसलो. सकाळी समुद्र शांत झाला. होडीत थेंब नव्हता. तरी मी उपसतच होतो, कोरडी होडी! दुसऱ्या दिवशी शेजारून जहाज गेलं असतं तरी मला कळलं नसतं. लहान पोरासारखा रडत होतो मी. आणि तू त्याचं गाणं केलंस. आणि वर मलाच सांगतोस, वाक, उपस, मान खाली! सरदारांसमोर! सगळ्या गावासमोर!"

"पण इंजिन बिघडलंय म्हणून जात नाही, असं तूच सांगत होतास..."

"इंजिनाला काय धाड भरलीय? ते दुरुस्त झालं होतं. मीच पाना मारून परत बिघडवलं आणि मीच सांगत फिरलो." सालेसीने आता खरवडणं थांबवलं. "वर्ष झालं, प्रवाळाच्या बाहेर गेलो नाही. आता तर सगळ्यांना माहीतच झालं असेल."

नोमानीला तिथून निघून जाता आलं असतं. 'कुणाला काही माहीत नाही, ते कडवं असंच सुचलं,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि ते अगदी खोटंही नव्हतं. त्याने आयुष्यभर असंच बोलायचा सराव केला होता. तो होडीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. होडी जमिनीवर होती, म्हणून हात ठेवता येत होता.

"तो तू नाहीस," तो म्हणाला. "तो मी आहे."

"कोण मी?"

"उपसणारा. मला समुद्राची भीती वाटते. लहानपणापासून. बोटबीट लागत नाही मला. भीती वाटते."

सालेसीला हसू यायला लागलं होतं. "तू? तू तर कधी होडीत..." आणि तो मध्येच थांबला. नोमानीने त्याच्या चेहऱ्यावर ते उमटताना पाहिलं. मुलीच्या लग्नाचं विमान, टोपी, पोती, सगळं एकामागोमाग एक, आणि शेवटी ती संध्याकाळ.

"म्हणजे त्या दिवशी..."

"हो."

"तू प्रार्थना सांगत होतास."

"मला पुळणीवर उभं राहवेना. म्हणून चर्चमध्ये गेलो."

सुरूच्या झाडांतून वारा वाहत होता. सालेसीने होडीवरचा खरवडलेला भुगा हाताने झाडला. मग हळू आवाजात म्हणाला, "फेहोकोची होडी गळकी होती. तरी तो वल्ही मारत मला शोधायला आला होता."

"माहितेय मला."

"मी मेलो असतो तर?"

"तर मी फार सुंदर गाणं रचलं असतं," नोमानी म्हणाला.

सालेसी हसला नाही. त्याने खरवडायचं पातं गवतात फेकून दिलं आणि पाठ वळवली. "जा तू आता."

नोमानीने टोपली उचलली.

"कोनफळ ठेवून जा," सालेसी म्हणाला.

सोमवारी सरावाला सालेसी आला. भावाच्या शेजारून गेला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. आपल्या जागेवर उभा राहिला आणि फेहोकोंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ते कडवं घाला परत. नाहीतर मी नाचत नाही."

"आता हा दुसरा!" फेहोकोंनी कपाळाला हात लावला. "तुम्ही दोघे भाऊ मिळून गावाचं नाक कापणार. अरे, सरदारांना काय वाटेल?"

"सरदारांना काय वाटेल ते मला विचार," दारातून आवाज आला. हेपिसिपाआत्या काठी टेकत आत येत होती. तिला कुणी बोलावलं होतं, हे नोमानीला शेवटपर्यंत कळलं नाही. "त्यांच्या आईबरोबर नाचलेय मी. लहानपणी हे सरदार बोटीत माझ्या मांडीवर बसून इथपासून राजधानीपर्यंत ओकत गेले होते. सगळा प्रवास. माझं झाडाच्या सालीचं नवं कापड वाया घालवलं. त्यांना उपसणारा कळेल, तू काळजी करू नकोस."

सभागृहात असा हशा उठला की फेहोकोंनाही हसावं लागलं. आत्यासमोर बोलायची त्यांचीही सोय नव्हती, ती त्यांच्या आईची मावसबहीण लागत होती. कडवं परत आलं.

शंभरीच्या दिवशी ऊन कडक होतं. मैदानावर नारळाच्या झापांचे मांडव घातले होते. सरदार मधल्या मांडवात, चटयांच्या थरावर बसले होते. नाचणाऱ्यांनी अंगाला खोबरेल चोपडलं होतं, कमरेला पानांच्या झुली बांधल्या होत्या. नोमानी गाणाऱ्यांच्या घोळक्यापुढे उभा राहून ताल देत होता. वंदनाची कडवी झाली, चाफा झाला, कबुतरं झाली. लोक मान डोलवत होते. मग नाव आली, आणि गाणाऱ्यांनी त्याने शिकवल्याप्रमाणे आवाज खाली आणला.

पुरुषांची अख्खी रांग वाकली.

इतके तगडे पुरुष एकदम वाकले, माना खाली, आणि कुणाचाच चेहरा दिसेना. फक्त तेलाने चमकणाऱ्या पाठी आणि उपसणारे हात. नोमानीच्या तोंडाला कोरड पडली. पायाखाली घट्ट जमीन होती, तरी तळ दिसेनासा झाल्यासारखं त्याला वाटलं, आणि त्याच्या डाव्या हाताने शेजारच्या गाणाऱ्याचा सदरा मुठीत धरला. उजव्या हाताने तो ताल देत राहिला. ताल चुकला नाही.

नाच आवडला की आमच्याकडे म्हाताऱ्या बायका उठून नाचणाऱ्यांत शिरतात, तो त्यांचा मान असतो. हेपिसिपाआत्या उठली. काठी तिने मांडवातच टाकली. थेट दुसऱ्या रांगेपाशी गेली, सालेसीच्या शेजारी, आणि त्या वयात जेवढं वाकता येईल तेवढं वाकून पाणी उपसायला लागली. कुणीतरी हसलं, लगेच कुणीतरी हुंदका दिला, आणि मग सगळ्या मांडवांतून एकदम ओरडा उठला. आत्याला सरळ होता येईना, तेव्हा सालेसीने उपसता उपसताच तिला कोपराने आधार दिला.

नाच संपल्यावर सरदारांचे बोलके पुढे झाले. सरदार स्वतः बोलत नाहीत, बोलके त्यांच्या वतीने बोलतात. त्यांनी गावाचं, चर्चचं, डुकरांचं आणि कोनफळांचं कौतुक केलं. मग म्हणाले, "सरदार विचारतात, नावेतला तो उपसणारा कोण?"

असा प्रश्न विचारला की कवीने आडून उत्तर द्यायचं असतं. चांगलं उत्तर लोक वर्षानुवर्षं सांगतात. नोमानीपाशी अशी दोन-तीन उत्तरं तयार होती. तो खाली बसला, डोकं लववलं, आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"मी."

मांडवांतून कौतुकाची कुजबुज उठली. बोलके हसले. "कवी नम्र आहेत," ते म्हणाले. "सगळ्या नावेत स्वतःसाठी सगळ्यात खालची जागा मागून घेतात." सरदारांनीही मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या पंगतीत जो तो उपसणाऱ्याबद्दलच बोलत होता. पाद्रीबुवा म्हणाले, तो पापातून स्वतःला उपसणारा आत्मा आहे. फेहोको दोन्ही हातांनी डुकराचं मांस तोडत पाहुण्यांना समजावत होते, की हा टोला गावच्या समितीला आहे, पाण्याची टाकी गळते ना, तिच्यावरून. नोमानीच्या मुलीने तो नाच फोनवर पाहिला आणि ऑकलंडहून रडत फोन केला. "बाबा, इथे कारखान्यातले सगळे म्हणतायत, हे आमच्यावरच आहे. मान खाली घालून राबायचं आणि घरी पैसे पाठवायचे. तुम्हाला कसं कळलं?" नोमानी म्हणाला, "सुचलं आपलं."

आत्याला मानाचा वाटा म्हणून डुकराच्या मागच्या मांडीचा तुकडा मिळाला होता. ती तो चघळत होती. "अजून बराच लपतोस," ती त्याला म्हणाली. "पण हे बरं होतं."

त्याने सगळ्या गावासमोर, सरळ शब्दांत, एकदा सांगून टाकलं होतं, आणि कुणी ऐकलं नव्हतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलं याचा रागही आला. काही दिवस तो या दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. मग कोनफळं काढायचे दिवस आले आणि ते मागे पडलं.

गाणं मात्र फिरत राहिलं. दुसऱ्या बेटांवरच्या गावांनी ते मागून नेलं. कुठल्याशा शाळेत पोरं ते कडवं म्हणताना एकमेकांवर खरोखरचं पाणी उडवतात, असं कानावर आलं. सालेसी बरेच रविवार भावाकडे जेवायला आला नाही. पुढे आला, तेव्हा सबंध जेवणभर डुकरांच्या आजाराबद्दल बोलला. लेसिएलीने त्याला आणखी अळकुड्या वाढल्या. होडी त्याने परत पाण्यात घातली होती. कधी बाहेर जायचा, कधी प्रवाळाच्या कडेच्या आतूनच फिरून यायचा.

एका संध्याकाळी पुरुष नेहमीप्रमाणे फेहोकोंच्या ओसरीवर काव्हा, मुळ्या कुटून केलेलं सुस्तावणारं पेय, प्यायला बसले होते. करवंट्या फिरत होत्या. कुणीतरी सालेसीला चिडवलं, "काय रे, आज हवा एवढी छान, आणि तू आतल्या आत काय होडी फिरवत होतास? इंजिन परत रुसलं?"

"इंजिन ठीक आहे," सालेसी म्हणाला. "आज भीती वाटली."

कुणी चेष्टा केली नाही. मग फेहोकोंनी घसा खाकरला. "त्या उत्तरेकडच्या खिंडीत," ते म्हणाले, "पाणी काळं दिसतं ना, तिथे मला... म्हणजे अजूनही जरा." दुसऱ्या एकाने मान हलवली. तिसरा आपल्या बापाबद्दल काही सांगायला लागला, बाप रात्री कधी एकटा जात नसे. बोलणं हळूहळू असं सुरू झालं, जसं कुणाचं दुखणं निघालं की प्रत्येकाला आपलं दुखणं आठवतं.

नोमानी त्या वर्तुळात बसला होता. त्याची पाळी आली तशी त्याने करवंटी घेतली आणि एका दमात रिकामी केली. सालेसी त्याच्याकडे पाहत होता, वाट पाहत होता. नोमानीने तोंड पुसलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने सालेसीने नजर काढून घेतली, करवंटी भरून पुढच्या माणसाकडे सरकवली, आणि तिसऱ्याच्या बापाचं काय झालं ते विचारलं.